आमची वाटचाल : रबराच्या शेडमधून

हिंगणा एमआयडीसीत भाड्याची शेड आणि एक मोल्डिंग प्रेस, एवढ्यावर आम्ही इंजिनाची माउंटिंगं, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते रबराचे ठोकळे, बनवायला लागलो. गॅरेजवाले त्यांना फाउंडेशन म्हणतात. घाट रोडच्या पार्टवाल्यांची मागणी ठरलेली : "भाऊ, रबर कडक पायजे, दबलं नाही पायजे." माल खपत होता.

कामाला वळण लागलं ते कळमन्याला संत्री आणणाऱ्या एका टेम्पोवाल्यामुळे. फाउंडेशन कोरं, तरी गाडी उभी असली की गिअरचा दांडा थरथरायचा, आरशात काही दिसायचं नाही. पळायला लागली की सगळं शांत. आम्ही सेन्सर लावून मोजलं. चार सिलिंडरचं इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, ७५० आरपीएमवर (मिनिटाला ७५० फेरे) सेकंदाला २५ धक्के देतं. बाजारातल्या कडक रबरावर त्याच इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या (एक धक्का दिला तर ते सेकंदाला जितक्या वेळा हलतं) या २५ च्या आसपास येऊन बसली होती, त्यामुळे धक्के अडण्याऐवजी वाढत होते. धक्का अडवायचा तर ती २५ पेक्षा बरीच कमी, १७ च्या खाली हवी, म्हणजे रबर मऊ हवं. हे गाडीमालकाच्या गळी उतरवणं मोजण्यापेक्षा अवघड गेलं!

मग मॉडेलिंग सुरू केलं. इंजिन म्हणजे वजन, माउंटिंग म्हणजे स्प्रिंग आणि डँपर (हेलकावे शमवणारा भाग). वाटतं सोपं, पण इंजिन नुसतं वरखाली हलत नाही. तिन्ही दिशांना सरकतं आणि तिन्ही अक्षांभोवती डोलतं. त्यामुळे रबराइतकाच ते कुठे आणि कोणत्या कोनात बसवलं यानेही फरक पडतो.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळाच हिशोब. बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून जास्त. नैसर्गिक रबर उष्णतेने कडक होत जातं, मग कंपनसंख्या परत वर चढते. म्हणून प्रत्येक बॅचचे नमुने आम्ही ओव्हनमध्ये तापवून पुन्हा शोअर मीटरवर (रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र) घेतो. ईपीडीएम हे कृत्रिम रबर उष्णता सोसतं, पण इंजिनाचं तेल लागलं की फुगतं.

सध्या ड्रायव्हर सीटवर काम चालू आहे. बसलेल्या माणसाला उभे हादरे ४ ते ८ हर्ट्झला (सेकंदाला ४ ते ८ वेळा) सर्वांत जास्त जाणवतात, म्हणून सीटची स्वतःची कंपनसंख्या २ हर्ट्झच्या आसपास ठेवायची. साध्या स्प्रिंगवर त्यासाठी ड्रायव्हर बसताच सीट सहा सेंटीमीटर दबायला हवी, वर हादऱ्यांसाठी जागा वेगळीच. लहान कॅबिनमध्ये ती काढायची कुठून? एअर स्प्रिंगने (हवा भरलेली स्प्रिंग) जमतं, पण किंमत ऐकून गाडीमालक चहा पिऊन निघून जातात.