अप्पांची शिट्टी आणि डॅड्स आर्मी

मागच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नव्हती, आमच्या सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकरालाच विचारा, तर पडदे ओढून कूलर लावून मी, अप्पा आणि आई रोज दोन-दोन भाग डॅड्स आर्मी बघायचो. बीबीसीची विनोदी मालिका, ३१ जुलै १९६८ ला सुरू झाली, १३ नोव्हेंबर १९७७ ला संपली, एकूण ८० भाग. त्यातले दुसऱ्या सीझनचे तीन भाग कायमचे गेलेत, त्या काळी टेपा पुसून परत वापरायचे म्हणून, आणि हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, आता इंग्लंडवर पॅराशूटनं सैनिक उतरतील अशी भीती होती, तेव्हा १४ मे ला मंत्री अँथनी ईडन रेडिओवर बोलले की १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी आपापल्या गावाच्या रक्षणाला पुढं या. लाखो लोक आले, त्यात सैन्यात जाण्याचं वय निघून गेलेले कितीतरी. यांनाच पुढं होमगार्ड म्हणायला लागले. सुरुवातीला ना युनिफॉर्म ना बंदुका, दंडाला पट्टी आणि झाडूच्या दांड्यावर कवायत. मालिका लिहिणाऱ्या दोघांपैकी जिमी पेरी स्वतः सोळा-सतराव्या वर्षी होमगार्डमध्ये होता. दुसरा डेव्हिड क्रॉफ्ट. दोघांनी समुद्राकाठचं एक काल्पनिक गाव केलं, आणि तिथला बँक मॅनेजर झाला कॅप्टन, त्याचाच हेडक्लार्क झाला सार्जंट, खाटीक झाला कॉर्पोरल, बँकेतलं सगळ्यात लहान पोरगं झालं शिपाई.

अप्पा पस्तीस वर्षं बँकेत होते. कॅप्टन मॅनरिंग (नावाचं स्पेलिंग इतकं वेगळं आहे की अप्पा आठवडाभर सबटायटल वाचून मेनवेअरिंगच म्हणत होते) पहिल्यांदा टेबलामागून बोलायला लागला तशी अप्पांनी मान हलवली, "हा वरून आलेला नाही, हा काउंटरवरून चढत चढत आलाय." आणि खरंच तसंच आहे ते. मॅनरिंग साध्या घरातला, कष्टानं मॅनेजर झालेला, आणि त्याच्या हाताखालचा विल्सन मोठ्या घरातला, भारी शाळेत शिकलेला, गोड बोलणारा, बायकांना आवडणारा. साहेब कोण हे पदावरून ठरतं आणि रुबाब कुणाचा हे घराण्यावरून, आणि हे मॅनरिंगला रोज खुपतं, आणि विल्सन तोंडानं कधी काही बोलत नाही पण भुवई जरा वर करून विचारतो, "असं करणं शहाणपणाचं होईल का सर?" मॅनरिंग झालेला आर्थर लो आणि विल्सन झालेला जॉन ली मेझ्युरियर या दोघांचं काम नुसतं चेहरे बघण्यासाठी परत परत बघावं. एका भागात विल्सनला शेजारच्या गावात स्वतःची ब्रँच मिळते, मॅनेजर म्हणून, आणि लगेच त्या ब्रँचवर बॉम्ब पडतो. विल्सन परत जुन्या टेबलावर येऊन बसतो. तो भाग संपल्यावर अप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत. प्रमोशनच्या लिस्टमध्ये त्यांचं नाव दोनदा येता येता राहिलंय हे आम्हाला घरात माहितीय.

आईला इंग्रजी येत नाही. पण कॉर्पोरल जोन्स, तो म्हातारा खाटीक, इकडून तिकडं पळत सगळ्यांना घाबरू नका घाबरू नका म्हणून ओरडतो आणि सगळ्यात जास्त तोच घाबरलेला असतो, ते बघून आई डोळे पुसेपर्यंत हसायची. "हे तर आपले बाळूमामा की ओ," म्हणायची. हे काम करणारा क्लाइव्ह डन सुरुवातीला फक्त ४८ वर्षांचा होता, आणि खऱ्या युद्धात तो ग्रीसमध्ये पकडला जाऊन चार वर्षं जर्मनांच्या कैदेत राहिलेला माणूस. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणूनच त्याला भीती इतकी नीट दाखवता येते.

माझ्या एका मित्रानं विचारलं, सोलापूरचा असून तुला ब्रिटिशांच्या गणवेशाचं कौतुक कसं काय. प्रश्न बरोबर आहे. १९३० ला याच सरकारनं आपल्या गावात मार्शल लॉ लावला, १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली, चार पुतळ्यांवरून रोज जातो मी, विसरत नाही. आणि मालिकेत जोन्स जेव्हा सुदानमधल्या लढाईच्या गोष्टी रंगवून सांगतो तेव्हा मला टोचतंच, कारण भाल्यांनी लढणाऱ्या माणसांवर तोफा आणि मशीनगन चालवलेल्या त्या लढाया. तिथं मी हसत नाही. पण मालिकेचा जीव तिथं नाहीये. तिचा जीव चर्चच्या त्या हॉलमध्ये आहे जो होमगार्डला पण पाहिजे, पाद्र्याला पण पाहिजे आणि हवाई हल्ल्याच्या वेळचा वॉर्डन असलेल्या भाजीवाल्या हॉजेसला पण पाहिजे, आणि रोज भांडण. आमच्या गल्लीत मंदिराच्या हॉलवरून गणपतीच्या आधी लेझीमवाले आणि भजनी मंडळ यांच्यात जे चालतं ते शब्दाला शब्द तसंच.

आणि मला तर सारखं आठवत होतं ते २०२० चं एप्रिल. लॉकडाऊनमध्ये गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले होते आणि तिथं बसायला कोण, तर सगळे रिटायर्ड. अप्पांनी बँकेच्या जुन्या रजिस्टरचा कोरा कागद फाडून त्यावर पट्टीनं रेघा ओढून ड्युटीचा तक्ता केला, सकाळ दुपार रात्र, नावासमोर सहीचा रकाना. गळ्यात शिट्टी, हातात काठी, तोंडाला आईनं जुन्या चादरीच्या कापडाचा शिवलेला मास्क. मिलमधून निवृत्त झालेले काका रात्रीच्या पाळीला स्वतःहून बसायचे, म्हणायचे आयुष्यभर तिसरी पाळी केलीय मला झोप येत नाही. तरुण पोरं लांबून हसायची. आता विचार करा, साठी-सत्तरीच्या या माणसांनाच त्या आजाराचा धोका सगळ्यात जास्त होता आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी खुर्ची टाकून बसले. डॅड्स आर्मी मला आतून कळली ती यामुळं. ते लोक धडपडतात, चुकतात, एकमेकांवर चिडतात, पण जर्मन खरंच आले तर एकही जण पळणार नाही हे बघणाऱ्याला पहिल्या भागापासून माहीत असतं. हसू धांदलीचं येतं, मालिका लिहिणाऱ्यांनी त्यांच्या धैर्यावर कधी विनोद केलेला नाही. पन्नास वर्षांनंतरही ही मालिका शिळी वाटत नाही ती माझ्या मते एवढ्यामुळंच.

एक भाग मात्र वेगळाच आहे, १९६९ चा. म्हातारा गॉडफ्री, सगळ्यात मऊ माणूस, कबूल करतो की पहिल्या महायुद्धात मी बंदूक उचलायला नकार दिला होता. सगळे त्याला वाळीत टाकतात. पुढं सरावाच्या वेळी धुरानं भरलेल्या झोपडीत मॅनरिंग अडकतो, त्याला बाहेर काढतो गॉडफ्रीच. तो आजारी पडतो, हे लोक भेटायला घरी जातात, तर भिंतीवर त्याचा तरुणपणीचा फोटो आणि छातीवर मिलिटरी मेडल. बहीण सांगते, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गोळीबारात स्ट्रेचर घेऊन जखमी उचलत होता. मेडल लावत का नाही विचारलं तर गॉडफ्रीला ते मिरवल्यासारखं वाटतं. आणि हे काम करणारे आर्नल्ड रिडली स्वतः सोमच्या लढाईत जबर जखमी झालेले, डावा हात कायमचा अधू, मालिका सुरू झाली तेव्हा वय ७२. तो हात दिसतो का म्हणून मी परत मागं नेऊन बघितलं.

अप्पा त्या भागाला एकच शब्द बोलले, "कोटणीस." आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे, १९३८ ला चीनला गेले, आघाडीवर जखमी सैनिकांची ऑपरेशनं केली आणि तिथंच ९ डिसेंबर १९४२ ला गेले. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर अप्पा म्हणाले चल, आणि आम्ही त्यांच्या घराच्या स्मारकात जाऊन आलो. मी सोलापुरात जन्मलेला, पण आत पहिल्यांदाच गेलो.

शेवटचा भाग मी रात्री एकट्यानं बघितला. त्यात जोन्सचं लग्न होतं, आणि मग सगळे कपात दारू घेऊन कॅमेऱ्याकडं बघत होमगार्डच्या नावानं पितात. अप्पांना अजून दाखवला नाही, तेच नको म्हणाले. "राहू दे की तो, संपवायची काय घाई आहे, गड्ड्याच्या जत्रेला तुझी बहीण येईल तेव्हा लावू."