लुनिजानातलं सामानासकट घर: कपाट पुढे ओढून बघा

इटलीतल्या टस्कनी प्रांताच्या अगदी उत्तर टोकाला, शेजारच्या लिगुरिया प्रांताच्या हद्दीला खेटून लुनिजाना हा डोंगराळ भाग आहे. पोन्त्रेमोली, बान्योने, फिवित्सानो ही त्यातली काही गावं आणि त्यांच्या वर डोंगरउतारावर दगडी घरांच्या वाड्या. टस्कनीतल्याच क्यांती या द्राक्षमळ्यांच्या भागाच्या मानाने इथे घरं बरीच स्वस्त, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक इकडे वळतं. जाहिरातीचा साचा ठरलेला: खाली कमानीची कोठी, मधे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागे उतारावर थोडी जमीन, आणि 'सामानासकट, किल्ली घ्या आणि राहायला या'.

त्या सामानाला भुलू नका. जुन्या पलंग-कपाटांना बाजारात फारसं कोणी विचारत नाही. त्यांचं खरं महत्त्व हे की ती भिंती झाकतात. उतारावरच्या घराची मागची भिंत खालच्या मजल्यावर थेट डोंगराच्या मातीला टेकलेली असते आणि डोंगरातलं पाणी तिच्यात झिरपत राहतं. नेमकं त्याच भिंतीला कपाट असेल तर ते हातभर पुढे ओढायला सांगा. पाठीची फळी काळवंडलेली, गिलावा पोपडे धरून सुटलेला, त्यावर पांढरा क्षार फुललेला दिसला तर नुसत्या रंगाने भागणार नाही. बाहेरून माती काढून भिंतीलगत मोकळा चर करावा लागतो, म्हणजे पाणी तिथूनच खाली जातं. आतून दुसरी भिंत उभी करून देणारे गवंडी भेटतील, पण त्याने ओल लपते, थांबत नाही. ताजा रंग दिलेलं घर ऑगस्टमध्ये बघून बयाणा देऊ नये. नोव्हेंबरच्या पावसात पुन्हा बघावं.

कपाटाखाली पिठासारखा फिकट, ताजा भुसा पडला असेल तर लाकडातला किडा जिवंत आहे. मग मान वर करून तुळया बघा. इथे त्या बहुतेक चेस्टनटच्या असतात, लाकूड चिवट, पण तुळई भिंतीत शिरते तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघाच. छपराचं गळकं पाणी भिंतीतून तिथे उतरतं आणि मधला भाग ठणठणीत असतानाही टोक कुजतं. छपरावर वालुकाश्माच्या फरश्या असल्या तर एक तुळई बदलायलाही वरच्या फरश्या उतरवून पुन्हा बसवाव्या लागतात. हा सगळ्यात मोठा खर्च. मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर अ‍ॅस्बेस्टॉसची शंका धरा. इटलीने त्यावर १९९२ मध्ये बंदी घातली आणि ते काढायला सहसा परवानाधारक माणूस लागतो.

हा भूकंपाचा टापू आहे. ७ सप्टेंबर १९२० च्या धक्क्याने फिवित्सानो आणि आसपासची गावं उद्ध्वस्त झाली होती. दर्शनी भिंतीवर लोखंडी सळयांची टोकं दिसली तर ती घराच्या बाजूने समजा: आरपार गेलेल्या या सळया समोरासमोरच्या भिंती बांधून धरतात. दिसायला बऱ्या नाहीत म्हणून त्या कापणारे महाभागही असतात.

आता कागद. इटलीत दस्त नोतायोसमोर होतो. तो सरकारमान्य अधिकारी, पण घर बघायला येत नाही. भूमापन कार्यालयातला नकाशा प्रत्यक्ष घराशी जुळला पाहिजे, असा नियम २०१० पासून आहे. विकणाऱ्याने तसं लिहून द्यायचं किंवा तज्ज्ञाचं प्रमाणपत्र जोडायचं, एरवी दस्त रद्दबातल ठरतो. कोठीत नंतर काढलेलं न्हाणीघर, मोठी केलेली खिडकी, हे नकाशात नसतं. म्हणून आपला स्वतःचा जेओमेत्रा, म्हणजे मोजणी आणि बांधकाम परवान्यांचा जाणकार, लावावा आणि नगरपालिकेतल्या परवानग्याही त्याच्याकडून तपासून घ्याव्यात. एजंटाने सुचवलेला नको.

जमिनीत खरी मेख असते. शेतजमीन सोबत विकली जात असेल तर लगतच्या, स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याला ती आधी विकत घेण्याचा हक्क आहे. त्याला रीतसर कळवून ३० दिवस थांबावं लागतं. डावललं तर दस्ताची नोंद झाल्यापासून वर्षभर तो जमीन सोडवून घेऊ शकतो. जमिनीच्या ताली, म्हणजे उतारावर माती धरून ठेवणाऱ्या भिंती, चुना-सिमेंटशिवाय नुसते दगड रचून केलेल्या असतात, त्यांच्या फटींतून पाणी निघून जातं. कोणी हौसेने सिमेंट भरलं असेल तर पाणी मागे साचतं, तालीला पोट सुटतं आणि एका पावसाळ्यात ती खाली येते.

कराचा हिशेब मात्र सुखद. खासगी मालकाकडून राहण्याजोगं घर घेताना कर विक्रीच्या किमतीवर न लावता सरकारी मूल्यावर लावून घेता येतो, पण तसं दस्तात मागावं लागतं. दुसऱ्या घरासाठी, म्हणजे आपण कायम राहणार नाही अशा घरासाठी, हे मूल्य म्हणजे भूमापन नोंदीत त्या घराचं म्हणून धरलेलं वार्षिक उत्पन्न गुणिले १२६. ते उत्पन्न ३०० युरो असेल तर मूल्य ३७,८०० आणि ९ टक्क्यांनी कर ३,४०२ युरो, वर ५०-५० युरोंचे दोन किरकोळ आकार. घर ६० हजारांना घेतलं तरी हाच आकडा. शेतजमिनीला मात्र १५ टक्के. एजंटाचं कमिशन आणि त्यावर २२ टक्के व्हॅट वेगळा. पुढे दरवर्षी घरपट्टी १६ जून आणि १६ डिसेंबरला.

भारतातून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि आयकर विवरणात परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. पण त्याआधीचा प्रश्न मोठा: युरोपीय संघाबाहेरच्या, इटलीचा वास्तव्य परवाना नसलेल्या माणसाला त्याच्या देशात इटालियनांना जेवढी मुभा तेवढीच तिथे मिळते. आपल्याकडे परदेशस्थ परकीयांना घर घेण्यावर बंधनं आहेत, तेव्हा बयाण्याआधी नोतायोचं मत लेखी घ्या. घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची शेंगेन व्हिसाची मर्यादा तशीच राहते.

बयाणा दिल्यावर आपण मागे फिरलो तर तो बुडतो, विकणारा फिरला तर दुप्पट परत देतो. त्याच करारात सामानाची यादी फोटोंसह जोडा. 'सामानासकट' एवढं लिहून भागत नाही, दस्ताच्या दिवशी चूल जागेवर नसते. अंगणातली गॅसची टाकी बहुधा गॅस कंपनीची असते, मालकाची नव्हे. विजेचं मीटर चालू असेल तर फक्त नाव बदलतं, बंद असेल तर नवा करार करून पुरवठा पुन्हा चालू करून घ्यावा लागतो. घरगुती करार बहुधा ३ किलोवॉटचा असतो. ओव्हन, गिझर आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की वीज जाते, तेव्हा नाव बदलतानाच भार वाढवून मागा.