युद्धपटातल्या शिपायाच्या अंगावरचं वजन

पुण्यात लघुपट करणारी मंडळी युद्धाचा विषय घेतात तेव्हा पैसा जातो धुरावर, खोट्या रक्तावर आणि वर्दीवर. वजनाचा विचारच होत नाही आणि चित्रपट तिथेच फसतो. फायबरची हलकी बंदूक घेतलेला नट ती छत्रीसारखी हलवत टेकडी चढतो. आपल्या लष्कराची खरी इन्सास रायफल चार किलोच्या आसपास, 1971 च्या युद्धातली एसएलआर रायफल तिच्याहून जड. नकली बंदुकीत लोखंडी सळई बसवा, पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, थर्माकोलऐवजी 15 किलो वाळू भरा, नटाला तासभर चालवा आणि मग कॅमेरा सुरू करा. मान पुढे येते, पट्टा सारखा सरकवावा लागतो, बसताना पाठीवरचं ओझं आधी दगडाला टेकतं. हे नुसत्या अभिनयाने येत नाही. (वेताळ टेकडीवर नकली शस्त्रं नेण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, वनखात्याची परवानगी वेगळी.)

गोळ्यांचा हिशेब ठेवा. एके-47 चा वेग मिनिटाला 600 गोळ्यांचा, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) 30 ची. घोडा दाबून धरला की तीन सेकंदांत खलास. कारगिलच्या कथेत इन्सासचा सलग धडधडाट तर साफ चूक. ती एकेक गोळी झाडते, नाहीतर तीन गोळ्यांचा बर्स्ट, म्हणजे घोडा एकदा दाबला की तीन गोळ्या. तिची 20 गोळ्यांची मॅगझिन अर्धपारदर्शक असते, त्यामुळे आत डमी गोळ्या नसतील तर क्लोजअपमध्ये उघडं पडतं.

1962 ची गोष्ट असेल तर हातात .303 रायफल हवी. दर गोळीमागे बोल्ट (हाताने सरकवायचा खटका) वर, मागे, पुढे, खाली. मॅगझिन दहाची, भरायची पाच-पाच गोळ्या धरणाऱ्या क्लिपने. बधिर बोटांनी ती क्लिप खाचेत बसवायची, अंगठ्याने गोळ्या आत दाबायच्या, आणि समोरचा तेवढा वेळ थांबत नाही. हा शॉट कापू नका. साध्या शिपायाची लढाई मला कुठल्याही स्फोटापेक्षा इथे जास्त दिसते.

कारगिलची टायगर हिल 5,000 मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ येतो. चढताना चार शब्दांमागे श्वास घ्यावा लागतो, तेव्हा लांबलचक संवाद तोडा. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान दाखवत असाल तर आपसातलं बोलणं मराठी, हुकूम हिंदीत. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना शेवटच्या धडकेची. अंधारात दबक्या पावलांनी सरकताना कुणी ती देत नाही.

आवाजाचं गणित सोपं आहे. 600 मीटरवरून झाडलेली रायफलची गोळी आवाजाच्या आधी पोहोचते: डोक्यावरून ‘फट्ट’, मग पाऊणएक सेकंदाने दुरून ‘धप्प’. एडिटमध्ये दोन वेगळे ट्रॅक ठेवा. हातगोळ्याला पेट्रोलचा नारिंगी भडका नको. क्षणभर चमक, काळसर धूर आणि उडालेली माती पुरे. धुळीसाठी मुलतानी माती चालते.

आणि लढाई नसलेले तास दाखवा. मोर्चा (खंदक) खणणं, संत्रीची पहाऱ्याची पाळी, लंगरचा (फौजी स्वयंपाकघरातला) चहा, रायफल सफाई. .303 ची नळी साफ करताना पुलथ्रूचं, म्हणजे सफाईच्या दोरीचं, वजन मागून आत सोडायचं, चिंदी अडकवायची आणि तोंडाकडून एका दमात ओढायची, मध्ये थांबायचं नाही. वानवडी-खडकीत निवृत्त फौजी भरपूर आहेत. नटाने ती उलटीकडून ओढली तर त्यांना पहिल्याच फ्रेममध्ये कळेल, म्हणून शूटिंगआधी त्यांच्यापैकीच कुणाला तरी बोलावून नटांकडून हे करवून घ्या.