आमची वाटचाल: कॅसेट भरण्यापासून एका अपुऱ्या अल्बमपर्यंत

भुसावळला स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर आमचं दुकान आहे. 1986 साली आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केलं ते कॅसेट भरून देण्यासाठी. गिऱ्हाईक गाण्यांची यादी घेऊन यायचं आणि आप्पा साठची किंवा नव्वदची कोरी कॅसेट काढून ती भरून द्यायचे. हक्कांचा विचार तेव्हा आमच्याकडे कोणी करत नसे. आज आम्ही ते काम करत नाही, पण धंद्याची अक्कल आली ती त्यातूनच. नव्वदच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं मिळतात. शेवटचं गाणं मध्येच तुटलं की गिऱ्हाईकही तुटलं. म्हणून आप्पा प्रत्येक गाण्याची मिनिटं-सेकंदं वहीत मांडून बेरीज करत आणि मगच रेकॉर्डचं बटण दाबत. कशानंतर काय लागावं हेही तेच ठरवत. एकाच चालीची दोन गाणी लागोपाठ ठेवायची नाहीत, हा त्यांचा दंडक.

1991 साली एक काका दोन एलपी छातीशी धरून दुकानात आले. रेल्वेच्या लोको शेडमध्ये (इंजिनं दुरुस्त होतात तिथे) नोकरीला होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, होत्या अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या, ‘द क्राय ऑफ लव्ह’ आणि ‘रेनबो ब्रिज’. दोन्ही 1971 च्या, म्हणजे तो गेल्यानंतरच्या. काका म्हणाले, “आप्पा, या दोन तबकड्यांत एकच अल्बम लपलाय. तो मला बाहेर काढून द्या.”

मी तेव्हा पंधरा वर्षांचा. काउंटरवर बसून काकांचं सगळं बोलणं ऐकलं, ते अजून कानात आहे. हेंड्रिक्स 18 सप्टेंबर 1970 ला लंडनमध्ये गेला, वय अवघं 27. त्याआधी तीन आठवडे न्यूयॉर्कमध्ये त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओचं उद्घाटन झालं होतं. त्या उन्हाळ्यात तिथे तो चौथ्या स्टुडिओ अल्बमचं काम करत होता. बेसवर बिली कॉक्स, ड्रमवर मिच मिचेल, यंत्रांपाशी एडी क्रेमर. अल्बम दोन तबकड्यांचा करायचा त्याचा विचार होता. त्याच्या हातच्या गाण्यांच्या याद्या राहिल्या, पण शेवटचा शब्द असा एकीलाही म्हणता येत नाही. काही गाणी जवळजवळ तयार होती, काही अर्धी. ‘बेली बटन विंडो’ मध्ये तर फक्त त्याची गिटार आणि त्याचा आवाज आहे. ते 22 ऑगस्टला रेकॉर्ड झालं आणि तसंच राहिलं.

काकांची यादी आप्पांनी वहीत उतरवली. एका जागी दोघांचं जमेना. ‘हिअर माय ट्रेन अ कमिन’ हे मैफलीतलं आहे, स्टुडिओतलं नाही, आणि अकरा मिनिटांच्या वर जातं. आप्पा म्हणाले, हे यात बसत नाही. काका म्हणाले, “भुसावळात राहून रेल्वेचं गाणं वगळू कसं?” शेवटी आप्पांनी चार गाणी इकडची तिकडे केली, बेरीज पुन्हा मांडली आणि ते गाणं दुसऱ्या बाजूला बसवलं. पुढे 1997 साली हेंड्रिक्सच्या घरच्यांनी तोच अपुरा अल्बम जुळवून ‘फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन’ या नावाने काढला. त्यात 17 गाणी आहेत. ‘क्राय ऑफ लव्ह’ची सगळी दहा, ‘रेनबो ब्रिज’ची चार आणि त्याच्याच आणखी एका अल्बमची, ‘वॉर हीरोज’ची, तीन. रेल्वेचं गाणं त्यात नाही. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. वही काढून काकांचं ते पान मात्र पुन्हा एकदा बघून घेतलं.

त्या ओळखीतून आमची मागची खोली स्टुडिओ झाली. काकांनी कुठून तरी चार ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर चार वेगवेगळे आवाज भरणारं, जुनं कॅसेट यंत्र आणलं. भिंतींना कापसाच्या गाद्या टांगल्या, कूलर बंद करून मे महिन्यात घामाघूम होऊन रेकॉर्डिंग केलं. 1992 ते 1995 काका तिथे स्वतःच्या चाली वाजवत राहिले. दुकानाला त्याचा पैसा कधी मिळाला नाही. आप्पांनी मागितलाही नाही.

मधली वर्षं भराभर सांगतो. कॅसेट गेली, एमपी3 सीडी आली, मग मेमरी कार्ड. लग्नाच्या शूटिंगवर काही वर्षं काढली. 2012 पासून जुन्या टेप, स्पूल आणि व्हीएचएस डिजिटल करून देण्याचं काम धरलं, त्यावरच आज दुकान चालतं. जळगाव, यावल, रावेर, धुळ्याहूनही लोक येतात. भजनी मंडळांच्या टेप असतात, आजीच्या ओव्या असतात.

2019 साली काकांची मुलगी आली. काका आदल्या वर्षी गेले होते. बुटांच्या खोक्यात 14 कॅसेट होत्या आणि एक रेल्वेची डायरी. दुसऱ्या शहरातल्या एका दुकानदाराने तिला सांगितलं होतं, टेप खराब झाल्यात, टाकून द्या. मी एक लावली. गिटार खर्जात, रेंगाळत, अर्ध्या गतीने. कॅसेट उलटली तर सगळं उलटं. ताईंचे डोळे भरून आले. मी म्हणालो, “ताई, टेप एकदम ठणठणीत आहे, यंत्र चुकीचं आहे.” काकांचं चार ट्रॅकचं यंत्र दोन्ही बाजूंची पट्टी एकाच दिशेने वापरायचं आणि दुप्पट वेगाने फिरायचं, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. साध्या डेकवर ते असंच ऐकू येणार.

जुनं यंत्र माळ्यावर होतं. त्याचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा पुलीला चिकटला होता. तो कानातल्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला दोन दिवस गेले. नवीन पट्टा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा, म्हणजे टेपवरून आवाज उचलणाऱ्या भागाचा, स्क्रू केसभर फिरवून वरच्या सुरांची धार मोकळी होईपर्यंत ऐकत बसलो. मग काका खोलीत आले.

डायरीत अल्बमच्या दोन याद्या होत्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या. काही चालींना नावच नाही, नुसतं ‘मालगाडी, ई मध्ये’, म्हणजे ई या पट्टीत. ताईंचं म्हणणं एकच: बाबांनी केला असता तसा अल्बम करून द्या.

इथे माझी चूक झाली. ड्रमच्या जागी काकांनी साधं रिदम मशीन वापरलं होतं, ते फार किरकिरं वाटायचं. मी एका चालीवर नवा ड्रमवाला बसवला, आणि त्याच्याशी जुळावं म्हणून काकांचे सूर थोडे मागे सरकवले. ऐकायला भरदार झालं. ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “छान आहे. पण बाबांना कोणी दंडाला धरून चालवतंय असं वाटतं.” काका ठेक्याच्या किंचित पुढे वाजवायचे. तोच त्यांचा हात, आणि तोच मी पुसून टाकला होता.

त्या रात्री हेंड्रिक्सबद्दल काका जे बोलायचे ते आठवलं. 1975 च्या ‘क्रॅश लँडिंग’ मध्ये निर्माता ॲलन डग्लस याने मूळ साथीदारांचे ट्रॅक काढून नवे वादक घातले, हे काकांना कधीच सहन झालं नाही. ‘द क्राय ऑफ लव्ह’ मध्येही हेंड्रिक्स गेल्यावर भर घातलेली आहे, ‘ड्रिफ्टिंग’ वर व्हायब्राफोन चढवलेला आहे. पण ते काम क्रेमर आणि मिचेलच्या देखरेखीखाली झालं, आणि ते दोघे त्या खोलीत त्याच्यासोबत बसलेले होते. माझ्या ड्रमवाल्याने काकांना पाहिलंही नव्हतं. आपल्या खानदेशात बहिणाबाईंची गाणी त्यांच्या माघारी, 1952 साली पुस्तकात आली. त्यांना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी ती टिपून ठेवली. टिपून ठेवणं वेगळं आणि भर घालणं वेगळं. दुसऱ्या दिवशी नवे ड्रम काढून टाकले, सूर जागेवर नेले.

अल्बम 11 चालींचा झाला, दोन बाजूंचा हिशेब धरून 43 मिनिटं. दोन्ही याद्यांत असलेल्या सात चाली आधी घेतल्या, उरलेल्या चार ताईंनी आणि मी निवडल्या. क्रम आमचा आहे, हे कव्हरवर स्पष्ट छापलं. पहिली बाजू ‘मालगाडी’ने संपते. ती अपुरी आहे, कारण रेकॉर्डिंग चालू असताना लोडशेडिंग झालं. वीज जाताना टेप मंदावते, आणि मंद फिरताना भरलेला आवाज नंतर नेहमीच्या गतीने वाजवला की चढत जातो. त्यामुळे शेवटचा सूर क्षणभर वर झेपावतो आणि तुटतो. तो कापावा का, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, राहू द्या.

पन्नास सीडी काढल्या, त्यातली एक आप्पांच्या वहीजवळ ठेवली आहे. तेव्हापासून गेलेल्या माणसाच्या रेकॉर्डिंगचं काम घेताना पावतीवर एक ओळ असते: खरखर कमी करू, क्रम विचारून लावू, वाजवलेल्यात काही घालणार नाही. मागच्या महिन्यात यावलच्या एका भजनी मंडळाचे लोक त्या ओळीखाली सही करून नऊ स्पूल ठेवून गेले. दोन झाल्या, सात बाकी आहेत.