4 दिवसांचं काम गेलं
आज सकाळीच फील्डवरच्या एका ताईंचा रडवेला फोन, सर बसमध्ये ऑफिसचा मोबाईल गेला हो. ऑफिसचे सगळे फोन जिथून सांभाळतो त्या कन्सोलवर बघितलं तर लास्ट सिंक, म्हणजे फोनमधले फॉर्म सर्व्हरवर शेवटचे पोचले ते, 4 दिवसांपूर्वीचं, पोटात गोळाच आला. बॅटरी सेव्हर चालू असला की बॅकग्राउंडचं सिंक थांबतं, हे मी आधीच तपासायला हवं होतं. फोन नेटवर येऊन फॉर्म सिंक होईपर्यंत वाट बघावी असं क्षणभर वाटलं, पण त्यात लोकांचे आधार नंबर आहेत, मग मन घट्ट करून वाइपची, म्हणजे फोनमधलं सगळं लांबूनच पुसून टाकायची कमांड दिली. उन्हातान्हात दारोदार फिरून भरलेले फॉर्म होते हो ते! नंतर दिवसभर एकेकाला फोन करून सेव्हर बंद करून घेतला. उद्या ते फॉर्म परत भरायला मी ताईंबरोबर जातोय.