कोजागिरीची पायी वारी

आमच्या घरी कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाण्याची रीत आहे. सासूबाई थकल्यावर त्यांची कवड्यांची माळ गळ्यात घालून मी आणि जाऊबाई चतुर्दशीच्या पहाटे निघालो. रूपाभवानीला हात जोडले. हिप्परग्याचा तलाव, उळेगाव मागे पडले. आई तुळजाभवानी दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर नगरहून आलेल्या पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि पौर्णिमेच्या पहाटे पुन्हा सिंहासनावर विराजमान होते. मूर्ती चल, म्हणजे जागेवरून हलवता येणारी असल्यानेच हा सोहळा घडतो, आणि त्या दर्शनासाठी लाखो पावले हे 45 किलोमीटर तुडवतात.

तामलवाडीच्या पुढे डांबर तापले आणि टाचेला फोड आला. टेम्पोवरच्या ध्वनिवर्धकांनी आराध्यांचा, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांचा संबळ ऐकू येईना, त्यात अन्नदानाच्या द्रोण-पत्रावळ्या रस्त्यावर पसरलेल्या. अनवाणी माणसे चालणाऱ्या वाटेवर असे उष्टे टाकणे मला आजही सहन होत नाही. लिंबाखाली टेकले, तर शेजारच्या कर्नाटकातून आलेल्या आजींनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला. वयाने सासूबाईंहून थोर बाई, म्हणून मी संकोचून पाय ओढू लागले, तेव्हा त्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “गप बस की अक्का.” हळद लावलेला दोरा सुईत ओवून त्यांनी फोडातून आरपार काढला, पाणी झिरपत राहावे म्हणून दोरा आतच ठेवला आणि वर लुगड्याची चिंधी बांधली. मग कडक भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगाचटणी. त्यांच्या स्वतःच्या टाचांच्या भेगांत माती भरलेली होती. मी पाया पडले, तर त्यांनीही वाकून मला नमस्कार केला. वारीत हे नवे नाही, तरी मला रडू आवरेना.

घाट रात्री चढलो. “आई राजा उदो उदो” म्हणताना श्वास पुरत नव्हता, तरी बालाघाटाच्या त्या वळणांवर कोणी थांबत नव्हते. डोंगर चढून आल्यावर देवळात मात्र पायऱ्या उतराव्या लागतात, आणि दुखऱ्या टाचेला उतरण अधिक जड जाते. कल्लोळतीर्थापाशी गर्दीने ढकलले, जाऊबाई चिडल्या, मीही बोलले. गाभाऱ्यापुढे क्षणभरच उभे राहू दिले. सासूबाईंची माळ चरणांना लावून मिळावी म्हणून मी पुजाऱ्यांकडे दिली आणि त्यांनी ती लावून परत केली. छबिना, म्हणजे देवीची मिरवणूक, आणि सोलापूरच्या मानाच्या काठ्या पाहूनच परतायचे, असे आम्ही दोघींनी ठरवले.