चांगली द्राक्षं रॉटरडॅमला, मग नाशिकला काय?

फेब्रुवारी लागला की हा प्रश्न येतोच. नणंदेकडे गंगापूर रोडला गेले की तिच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, लग्नात शेजारच्या पानावर बसलेली पाहुणी विचारते, "वहिनी, खरं सांगा, चांगला माल सगळा युरोपला जातो आणि आम्हाला उरलासुरला, हो ना?" दिंडोरी तालुक्यात आमची थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षांची चार एकर बाग आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, मी त्या बागेत आहे. एरवी "तसं काही नाही हो" म्हणून वेळ मारून नेते. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते, कारण प्रश्नातला अर्धा भाग चुकीचा आहे आणि अर्धा अगदी खरा.

आधी चुकीचा. निर्यातीचा माल जास्त गोड असतो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तो प्रवासासाठी घडवलेला माल असतो. ऑक्टोबरात छाटणी केली की साधारण सव्वाशे दिवसांनी काढणी. मधे थिनिंग करायचं, घडात शंभर-सव्वाशे मणी ठेवून बाकीचे कात्रीने पाडायचे, म्हणजे राहिलेले १६-१८ मिलिमीटरपर्यंत फुगतात. गोडी १६-१७ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) टेकली की माल काढायचा. तेव्हा मणी टणक असतो, देठ हिरवागार असतो, आणि तीन आठवडे जहाजात काढायचे तर हे दोन्ही लागतंच.

पॅकहाऊसमधल्या, म्हणजे माल निवडून बॉक्स भरतात तिथल्या, बाया घड कसा धरतात ते एकदा बघायला या. फक्त देठाला. मण्याला बोट लागलं तर वरची पांढुरकी झाक पुसली जाते आणि तिथे ठसा उमटतो. घड डोळ्यांसमोर गोल फिरवायचा, फुटका, डागाळलेला, बारका मणी दिसला की कात्रीचं टोक आत घालून तेवढाच काढायचा, शेजारच्याला धक्का लागू द्यायचा नाही. एक फुटका मणी राहिला तर त्याचं पाणी सुटतं, बुरशी धरते आणि रॉटरडॅमला पोचेपर्यंत अख्खं पनेट, म्हणजे द्राक्षांचा छोटा डबा, जातं. ५०० ग्रॅमची दहा पनेट म्हणजे पाच किलोचा बॉक्स. वर बुरशी धरू नये म्हणून सल्फरचा कागद, मग प्रीकूलिंग, म्हणजे माल भराभर थंड करणं, मग शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला कंटेनर आणि न्हावा शेवा बंदर.

हॉलंडचे लोक एवढी द्राक्षं खातात का, असंही विचारतात. रॉटरडॅम हे तिथलं बंदर, युरोपचं दार आहे, तिथून माल जर्मनीकडे आणि पुढे जातो. दक्षिण आफ्रिकेचा माल सरत आला की आपला हंगाम भरात येतो, आणि मे नंतर इजिप्तचा माल सुरू होतो. तेवढीच आपली खिडकी.

आणि ती किती लवकर बंद होते, ते २०२४ ला आम्ही पाहिलं. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा ते चौदा दिवस वाढले, भाडं वाढलं. आमचा माल उतरला तेव्हा देठ तपकिरी पडले होते. खरेदीदाराने फोटो पाठवले आणि ठरलेल्या भावातून पैसे कापले. येमेनच्या किनाऱ्यावर काय चाललंय याचा हिशेब दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या वहीत निघतो, हे तेव्हा कळलं. रात्री यांनी ती वही मिटून ठेवली आणि न जेवताच झोपले. ते मी विसरलेले नाही.

मग गोड द्राक्ष कुठे असतं? वेलीवर. मार्चच्या मध्यापर्यंत राहिलेला घड पिवळसर होतो, २० च्या पुढे ब्रिक्स जातो, मणी जरा मऊ पडतो. तो जहाजात टिकत नाही, म्हणून नाशिक, मुंबई, दिल्लीला जातो. आम्ही घरी तोच खातो. चवीच्या बाबतीत तुमच्यावर अन्याय झालेला नाही.

आता प्रश्नातला खरा भाग, तो चवीचा नाही, तपासणीचा आहे. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले. आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. शेंड्याची वाढ थांबून काडीत घड भरावा म्हणून ते मारायची पद्धत होती, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. तिकडची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे टनभर द्राक्षांत चिमूटभरसुद्धा नाही. कंटेनर अडकले. आमच्या गावात त्या वर्षी कितीतरी घरांना मालाचे पैसे मिळाले नाहीत, आमच्याही. पण त्यानंतर फवारणीचं वेळापत्रक, औषधांची यादी, काढणीपूर्वीचे थांबायचे दिवस, सगळं कडक झालं, आणि मला ते बरंच वाटतं.

अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ग्रेपनेट व्यवस्था २००६ पासून आहे. प्लॉटची नोंदणी होते, काढणीआधी नमुना लॅबला जातो, रिपोर्ट पास झाला तरच माल निघतो. बॉक्सवरच्या नोंदीवरून तिकडच्या माणसाला मागे मागे थेट आमच्या प्लॉटपर्यंत येता येतं. हजारो मैलांवरून. आणि इथे, आमच्या बागेपासून पंचवटीच्या मार्केट यार्डात पोचेपर्यंत, ती ओळख पुसली जाते. निर्यातीच्या आकारात न बसलेला आमचा घड त्याच तपासलेल्या प्लॉटमधला असतो, त्याचाही रिपोर्ट पास असतो. पण क्रेटमध्ये तो कधीच न तपासलेल्या मालाशेजारी बसतो, आणि तुम्हाला दोन्हींतला फरक कळायला काही मार्ग नाही. नाशिककरांनी रागवावं ते यावर. तुमच्या घरातली लेकरं द्राक्षं खातात, जर्मनीतलीही खातात.

गेल्या मार्चमध्ये आम्ही एक सुरुवात केली. नणंदेच्या सोसायटीत चाळीस क्रेट दिले, प्रत्येकावर मार्करने प्लॉटचा नोंदणी क्रमांक लिहिला आणि लॅबच्या रिपोर्टची झेरॉक्स टाकली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा लावून तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग विचारलं, "हे सगळीकडे का नसतं गं?" मला उत्तर देता आलं नाही. यंदा ऐंशी क्रेट द्यायचे ठरवलेत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येईन. आणि तोवर दुसऱ्या कुणाकडून घेतलीत, तर प्लॉट कुठला आणि रिपोर्ट आहे का, एवढं विचारून घ्या.